इंटरव्हलच्या पुढचं

जालन्यात आमच्या घरी केबल आली तेव्हा मी पस्तिशीला टेकले होते. नवरा एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात लागला होता, पोरं शाळेत जायची आणि दुपारभर घरात मी एकटी. एका चॅनलवर दुपारी जुने पिक्चर लागायचे. मी शेंगा फोडत बघत बसायचे आणि बघता बघता एकटीच हसायचे. कारण त्यातले कितीतरी पिक्चर मी पूर्वी पाहिलेले होते, पण फक्त इंटरव्हलपर्यंत. पुढचं सगळं मला नवीन होतं. नवीन म्हणजे काय, तेच पुढचं मी पंधरा-वीस बायांना तिसरंच सांगून बसले होते.

हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आता सासूबाई राहिल्या नाहीत, आणि ज्यांना राग यावा त्या बायांना नातवंडं झाली. आता लाज कसली.

माझं माहेर जालन्याचं. वडील कचेरीत कारकून, आणि आमच्या मागच्या गल्लीत टॉकीज. पिक्चरमधली भांडणं आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू यायची. एक्याऐंशी साली लग्न होऊन मी परतूरपासून चार-पाच कोस आत असलेल्या गावात आले. तिथं ऐकू यायचे ते बैल आणि सासूबाई. मी मॅट्रिक झालेली, शहरातली, त्यामुळे सुरुवातीला गाव मला जपून वागवायचं आणि मागे नावं ठेवायचं. नवरा मात्र दिलदार. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तो म्हणाला, "दर महिन्याला एकदा बाजाराला जाऊ. बाजार बी करू, पिक्चर बी बघू." त्यानं हा शब्द पाळला, पण अर्धाच. त्यात त्याचा दोष नव्हता, एसटीचा होता.

परतूरच्या टॉकीजला खेळ तीनचा. आमच्या गावाकडं जाणारी शेवटची एसटी पाचची. मशीन एकच होतं, त्यामुळे दर रिळाला पाच मिनिटं अंधार, शिट्ट्या, बिड्यांचा धूर, आणि इंटरव्हल यायला साडेचार वाजायचे. इंटरव्हलचा दिवा लागला की नवरा पुरुषांच्या बाजूनं पिशवी दाखवायचा, मी बायांच्या बाजूनं उठायचे आणि आम्ही दोघं स्टँडकडे पळायचो. दर महिन्याला हेच.

तेव्हाचे पिक्चर माणसाच्या हालअपेष्टांचे असायचे. पूर यायचा, गिरणी जळायची, कोणी आंधळं व्हायचं, कोणाला घराबाहेर काढलं जायचं. आणि हे सगळं व्हायचं इंटरव्हलच्या आधी. माणूस त्यातून उभा कसा राहिला, ते नंतर. म्हणजे लग्नानंतरची पहिली वर्षं मी नुसती माणसं पडताना बघितली. ती उठताना एकदाही बघितली नाहीत, कारण तोपर्यंत मी एसटीत मिरच्यांच्या पोत्यावर बसलेली असायचे.

आता क्रॉसिंगचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या शेतात कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट असायचा. जालन्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून असं बी तयार करून घ्यायच्या. काम सगळं हाताचं, आणि बायांच्याच हाताचं. दुपारी दोननंतर मादीच्या ओळींत शिरायचं, उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची, नखानं सोलून आतला पराग काढून टाकायचा आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं टोपलीत खुडून आणायची आणि टोपी काढून प्रत्येक कळीवर फूल फिरवायचं. अकराच्या पुढं फुलात जोर राहत नाही, मग फिरवून उपयोग नाही. श्रावण सरता सरता हे सुरू व्हायचं आणि दसऱ्याच्या मागं-पुढं संपायचं.

या कामात हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. सासवा-सुनांच्या चुगल्या पहिल्या चार दिवसांत संपायच्या. मग एका दुपारी एक जण म्हणाली, "वैनी, तुमी पिच्चरला गेल्त्या म्हणं. सांगा की." मी सांगायला लागले. माझं बोलणं मुळातच नाटकी, त्यात वीस बाया ऐकणाऱ्या. दिवस कलेपर्यंत मी बरोबर इंटरव्हलला आले. नायकाचा पाय गिरणीच्या पट्ट्यात गेलेला, बायको बाळंतीण, घरात दाणा नाही. बाया म्हणाल्या, "ऱ्हायलेलं उद्या सकाळी." आणि घरी गेल्या.

मी काय सांगणार होते सकाळी? खरं सांगायचं तर सांगून टाकणार होते, की बाई गं, बस चुकेल म्हणून मी उठले. पण शहरातली शिकलेली सून तिकीट काढून अर्धाच पिक्चर बघून येते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यात सासूबाई त्याच ओळीत. त्यांचं आधीच ठरलेलं वाक्य होतं, "रडायला परतूरला कशाला जावं लागतं, घरी काय कमी हाय." त्यांच्या हातात कोलीत द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून पहाटे भाकरी थापता थापता मी पुढचं रचलं. त्या पंगू नवऱ्याला मी सायकलच्या दुकानात बसून पंक्चर काढायला लावलं आणि त्याच्या बायकोला शिलाईचं मशीन घेऊन दिलं. बायांना पसंत पडलं. एकदा खपलं की सवय लागते. पुढे तीन हंगाम मी हेच केलं. दुपारी पिक्चर, सकाळी माझं पीठ.

माझ्या पिठाचेही नियम ठरत गेले. एकदाच मी सकाळच्या भागात नायिकेला मारलं. बाया बांधावर पदर डोळ्याला लावून बसल्या, नराची फुलं टोपल्यांत मलूल झाली आणि दुपारी जेवताना नवरा म्हणाला, "उद्यापासून सकाळच्याला कोणी मरनार न्हाई." झालं, तेव्हापासून माझ्या पिक्चरमध्ये अकराच्या आत सगळ्यांना उभं राहावंच लागायचं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो नुसता मिशीत हसायचा आणि एखादी भाकरी करपली की विचारायचा, "आज कोनाला वाचवून राह्यलीस?"

बायाही साध्यासुध्या नव्हत्या. उगाच काही खपवून घ्यायच्या नाहीत. मी एकीला पिठाची चक्की टाकून दिली तर लगेच प्रश्न आला, "तिच्या गावात लाइट कुठून आली? आपल्या इथं तर आठ आठ दिवस नसती." मग मला चक्कीला डिझेलचं इंजिन लावावं लागलं. "कामाला गेल्यावर लेकरू कोणापाशी ठिवलं?" हा प्रश्न तर दर वेळी. पिक्चर काढणाऱ्यांना असले प्रश्न कोणी विचारत नसावं. मला विचारायच्या, म्हणून माझ्या पिक्चरमधल्या बायांना एकेक पायरी चढून वर यावं लागायचं. नशिबानं कोणाला काही मिळायचं नाही.

माझ्या शेजारच्या ओळीत वन्सं असायच्या. माझ्या चुलत नणंद, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांना अंबडकडच्या एका गावात दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि यांना लेकीसकट माहेरी आणून सोडलं, त्याला चार वर्षं झाली होती. भावाच्या घराच्या पडवीत राहायच्या, भावाच्या शेतात राबायच्या आणि हंगामात आमच्या प्लॉटवर यायच्या. त्यांच्यासारखा हात कोणाचाच नव्हता. आम्ही एक कळी सोलेपर्यंत त्यांच्या दोन व्हायच्या. बोलणं मात्र जवळपास नाहीच. तीन हंगामांत त्यांनी मला पिक्चरबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्या ऐकतच नाहीत.

चौथ्या हंगामात मी जो पिक्चर सांगितला तो नेमका अशाच बाईचा होता. नवरा दुसरी आणतो, हिला लेकीसकट भर पावसात बाहेर काढतो. ही देवळाच्या पायऱ्यांवर राहते, तापानं फणफणते, मग सडकेवर खडी फोडायला जाते. ती हातोडा उचलते आणि इंटरव्हल. सांगताना माझ्या ध्यानात आलं नाही की शेजारच्या ओळीत कोण आहे. ध्यानात आलं तेव्हा दुपार संपत आली होती आणि परत फिरायला जागा नव्हती. इतर बाया चोरून वन्संकडे बघत होत्या. त्या खाली मान घालून टोप्या घालत होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या मी जपून थापल्या. त्या बाईला मी आधी खडीवरची मुकादम केलं, मग चक्की टाकून दिली. लेक शाळेत घातली. आणि शेवटी नवरा दाराशी आणला. पोशाख मळलेला, तोंड उतरलेलं. म्हणतो, चल घरी. ही त्याला तांब्याभर पाणी देते, भाकरी वाढते, त्याचं जेवण होऊ देते आणि म्हणते, "पाहुण्यासारखे आलात, पाहुण्यासारखे जा."

मग शेजारून आवाज आला, "काय म्हणाली? पुन्यांदा सांगा." वन्सं होत्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फूल फिरवायला लागल्या.

मला त्या दिवशी स्वतःचा भारी अभिमान वाटला. पंधरा दिवसांत तो पार उतरला. अंबडकडून निरोप आला. दुसरी बाई अंथरुणाला खिळली होती, घर करायला कोणी नव्हतं, आणि वन्संचा नवरा दोन जाणत्या माणसांना घेऊन दसऱ्यानंतर त्यांना न्यायला येणार होता. वन्संचे भाऊ, म्हणजे माझे चुलत दीर, मनानं वाईट नव्हते. पण ते म्हणाले, "मानूस आपल्या पायानं येऊन राह्यला. असा नवरा परत येतो का कुठं? लेकीला बाप मिळंल." सगळ्या भावकीचं तेच मत. सासूबाईंचंही तेच. वन्संना कोणी विचारलंच नाही, त्यामुळे त्यांनी सांगितलंही नाही.

मला सांगितलं. टोपली घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "वैनी, मी त्या बाईवानी करनार. पानी द्यायचं अन् वाटंला लावायचं. पर मला तिला बघायचंय एकदा. त्यो पिच्चर परतूरला पुन्हा लागलाय म्हणं."

मी म्हटलं, "बघून काय करायचं? मी सांगितला की सगळा."

"तुमी बोलनं सांगितलं. ती उभी कशी ऱ्हाती ते न्हाई सांगितलं. बोलताना हात कुठं ठिवती, नजर कुठं ठिवती. मला बघितल्याबिगर जमायचं न्हाई."

पुढं खरं काय आहे ते मलाच माहीत नव्हतं, पण त्या काळचे पिक्चर मला ठाऊक होते. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण ही बाई माझ्या एका वाक्याच्या जिवावर सगळ्या भावकीसमोर उभी राहायला निघालेली, तिला कसं सांगू की ते वाक्य चुलीपुढं बसून मीच जुळवलंय? भ्याले मी, दुसरं काय. शेवटी मनाशी म्हटलं, पाचची एसटी आहे की. तिनं आजवर मला कधी दगा दिला नव्हता.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. वन्संनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. टॉकीजमध्ये त्या आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या. पडद्यावर त्या बाईचा चेहरा भिंतीएवढा आला तेव्हा दचकल्या, मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "एवढी मोठी हाय व्हय ती." मी पडदा बघतच नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. पावसात ती बाई लेकीला छातीशी धरून निघाली तेव्हा वन्संनी स्वतःचे दोन्ही हात तसेच धरले होते.

दिवा लागला. मी उठले. "वन्सं, चला, पाचची गाडी."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "भाऊ बैलगाडी घेऊन आलाय बाजाराला. त्याला सांगून ठिवलंय, बिलकुल हलू नको म्हणून. तुमी बसा निवांत. तुमचा तर बघितलेला हाय."

मी बसले. पुरुषांच्या बाजूनं नवरा माझ्याकडे बघत होता, आणि त्या दिवशी तो हसत नव्हता.

मग मी लग्नानंतर पहिल्यांदा इंटरव्हलच्या पुढचं बघितलं. खडी फोडता फोडता त्या बाईला कळतं की नवरा आजारी आहे. ती डोक्यावरून पदर ओढून, तोंड लपवून, त्याच्याच घरी मोलकरीण म्हणून राहते. त्याचं सगळं करते. दुसरी बाई तिला लाथ मारते. लेक कुठं गेली ते पिक्चरवाले विसरूनच गेले. शेवटी नवरा बरा होतो, तिला ओळखतो, आणि ती त्याच्या पायावर डोकं ठेवून, त्याच्या हातानं कपाळाला कुंकू लावून घेऊन मरते. बायांच्या बाजूला हुंदक्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. आमच्या पुढच्या बाईनं तर पडद्याला हात जोडले. मला पिक्चरवाल्यांचा संताप आला होता आणि स्वतःची शरम वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते मला आजही सांगता येणार नाही.

वन्सं रडल्या नाहीत. दिवे लागले तशा उठल्या आणि सरळ दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेल्या.

"तुमची रिळं चुकली," त्या म्हणाल्या.

तो माणूस म्हणाला, "मावशी, खेळ संपला. चला बाहेर."

"संपला न्हाई. चक्कीचं रीळ ऱ्हायलं. तिनं चक्की टाकली ते, अन् नवरा दारात येतो ते. दुसऱ्याच पिच्चरचं रीळ लावलं तुमी. ते काढा अन् बराबर लावा. आमी बसतो."

त्यानं वरच्या खिडकीकडे बघून मशीनवाल्याला हाक मारली. मशीनवाला डोकं बाहेर काढून म्हणाला की डब्यात होती तेवढी सगळी लावली, आणि तो हसला. वन्संचा आवाज चढला. मी तोवर तो आवाज कधी ऐकला नव्हता. "हसू नका. डबे उघडून बघा. तुमच्या इथं मेलेला बाप पुढच्या रिळात जेवायला बसल्ता. माझ्या वैनीनं डोळ्यानं बघितलंय. खोटं सांगनारी बाई न्हाई ती."

मागं एका पिक्चरला रिळं मागं-पुढं लागून मेलेला बाप जेवायला बसला होता, हे खरं होतं, आणि ते मी ओळीत सांगितलंही होतं. माझ्या सांगण्यातलं तेवढं एक खरं निघालं, आणि तेच माझ्या अंगावर आलं. मी वन्संना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यापलीकडे दीर बैल जुंपत होते. नवरा त्यांच्याशी बोलत थांबला, मुद्दामच. आम्ही दोघी गाडीत मागं बसलो, पाय खाली सोडून, आणि परतूर मागं पडल्यावर मी सांगितलं. एसटीचं, इंटरव्हलचं, भाकऱ्यांचं, सगळं.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारायला लागल्या.

"चक्की?"

"माझी."

"लेकीची शाळा?"

"माझीच."

"पाहुण्यासारखे जा, म्हणाली ते?"

"ते पण मीच."

"सगळ्याच पिच्चरचं?"

"सगळ्याच. वन्सं, पडली ती माणसं त्यांची. उठली ती माझी. मला माफ करा. तुम्ही माझ्या सांगण्यावर जाऊ नका. भावकी म्हणते तसं करायचं असेल तर करा."

ओढा आला. बैल पाण्याला थांबले. वन्सं खाली पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी मुंबईच्या त्या एवढ्या मोठ्या बाईला ते बोलता आलं न्हाई. अन् तुमाला आलं."

"मी नुसतं रचलं. मला कोणी टाकलेलं नाही."

"रचलं तरी तुमच्याच तोंडातून निघालं ना. ह्याच गावात. माझ्याच भावकीत." मग विचारलं, "रचताना हात कुठं होते तुमचे?"

मी खरं तेच सांगितलं. "पिठात."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "तसं मला जमंल." आणि त्यानंतर गाव येईपर्यंत त्या लेकीच्या शाळेबद्दल बोलत होत्या. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. जमेल म्हणणं वेगळं आणि भर अंगणात जमणं वेगळं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी वन्संचा नवरा आला. भाड्याची जीप करून, दोन जाणत्यांसह. दिरांच्या ओट्यावर सतरंजी टाकली. भावकी जमली. आम्ही बाया दाराआड. वन्संची लेक माझ्या पदराला धरून उभी होती. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग एक जाणता म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. पोरीला तयारी करायला सांगा."

वन्सं आतून तांब्या घेऊन आल्या. नवऱ्याच्या पुढं ठेवला. मी ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हणत होते, परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईसारखी. वन्संनी ते म्हटलंच नाही. त्यांनी विचारलं, "तिला काय झालंय?"

नवरा गोंधळला. "कोनाला?"

"तुमच्या घरात हाय तिला."

"ताप असतो अंगात. उठवत न्हाई. खोकला हाय."

"दवाखान्यात नेलं?"

त्यानं जाणत्यांकडे बघितलं. जाणत्यांनी सतरंजीकडे. "न्हाई," तो म्हणाला.

"मला न्यायला जीप केली," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी साधा, टोपली द्या म्हणताना असायचा तसा. "तिला दवाखान्यात न्यायला न्हाई केली. मी आले तर तुमच्या भाकरीची सोय हुईल. तिचं काय हुईल? जीप दारातच हाय. जल्दी जा, अन् तिला जालन्याला न्या. मी येनार न्हाई."

दुसरा जाणता काहीतरी बोलायला लागला. वन्संनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यालाच म्हणाल्या, "अन् बरी झाल्यावर तिलाबी टाकायचं मनात आलं, तर हिकडचा रस्ता दाखवा तिला. क्रॉसिंगला बाया कमीच पडत्यात."

मग माझे दीर उठले. ज्यांनी महिनाभर लेकीला बाप मिळेल असं गाणं लावलं होतं, तेच. ते जोडे घालत म्हणाले, "चला पाव्हनं, जीपपर्यंत येतो." मी दाराआड भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. चार वर्षांत पडद्यापुढं आलं नव्हतं एवढं रडू मला आलं.

लोक बोलले, बोलणारच. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण एवढं धाडस घरात कुठून शिरलं याबद्दल त्यांना शंका नव्हती. वन्सं पडवीतच राहिल्या. चक्की वगैरे काही झाली नाही. पुढे त्या क्रॉसिंगच्या बायांची टोळी घेऊन गावोगावच्या प्लॉटवर जायला लागल्या, आणि लेक परतूरला शिकायला गेली.

दोन वर्षांनी, हंगाम नुकताच लागला होता. दुपारची वेळ. बांधावरून एक बाई येताना दिसली. हडकुळी, काखेला गाठोडं, पायात काही नाही. ती बांधावर थांबली आणि तिनं वन्संचं नाव घेऊन विचारलं. वन्संनी ओळीतूनच वर बघितलं. दोघींनी एकमेकींना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, ज्या दिवशी एक घरात आली आणि एक घराबाहेर पडली त्या दिवशी. ओळीतल्या वीसच्या वीस बायांचे हात थांबले होते. वन्संनी विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. वन्संनी माझ्याकडे बघून म्हटलं, "वैनी, माझ्या शेजारची ओळ हिला द्या. आधी भाकर खाऊ द्या."

मी ओळ दिली. हे मी कधी पहाटे रचून सांगितलं असतं, तर त्या बायांतल्या एकीनंही खरं मानलं नसतं.